बेळगावजवळ तास-दोन तासांत चढून उतरण्यासारखे डोंगर सांगा (गुडघे सांभाळून)

तिसरं_गेट
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून बहीण, दाजी आणि त्यांची दोन पोरं (वय ९ आणि १३) आठवडाभर टिळकवाडीला येताहेत. दरवेळी आमचं ठरलेलं असतं: गोकाकचा धबधबा, किल्ला तलाव, कुंद्याचे दोन डबे आणि परतीची गाडी. यंदा पोरांनी फोनवरच बजावलंय, "मामा, डोंगर पाहिजे."

तर असा डोंगर सांगा जो दीड-दोन तासांत चढून उतरता येईल, वर गेल्यावर बघायला काहीतरी मिळेल आणि दुपारच्या जेवणाला घरी पोहोचता येईल. अडचण एकच. बाबांचं वय ७१, उजव्या गुडघ्याची वाटी दोन वर्षांपूर्वी बदललीय. डॉक्टर म्हणतात, चाला, पण उड्या मारू नका. बाबा म्हणतात, मला नेणार नसाल तर कुणीच जाऊ नका.

पाच-सहा नावं तरी येऊ देत. तिलारी, पारगड नको, त्यात अख्खा दिवस जातो.

वडगावचा_सायकलवाला
यात विचारायचं काय? राजहंसगड. म्हणजे आमचा येळ्ळूरगड.

येळ्ळूर ओलांडून गडाच्या पायथ्याच्या राजहंसगड गावात गाडी लावायची आणि डांबरी रस्त्यानं चालत सुटायचं. सावकाश गेलात तरी पाऊण तासात वर. शेवटचा चढ तेवढा छातीवर येतो. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, विहीर आहे, तटावर उभं राहून चारी बाजू दिसतात. २०२३ पासून महाराजांचा पुतळाही आहे, त्यामुळं रविवारी गर्दी असते. मधल्या वारी जावा.

सध्या खालची भाताची शिवारं कापून मोकळी झालीत. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा पेरतात, त्यामुळं वरनं बघितलं की एक वाफा पिवळा, एक हिरवा, एक काळा. पोरांना सांगा, हे वरनं दिसणारं बुद्धिबळ.

फक्त_पायी
राजहंसगडाच्या दरवाजापर्यंत गाडी जाते. गाडी जाते तो डोंगर नव्हे, ते उंचावरचं पार्किंग.

शहापूरची_सून
@फक्त_पायी, मग तुमच्या हिशेबानं माझ्या सासूबाईंनी फक्त मोबाईलवर फोटो बघायचे काय? गेल्या वर्षी त्यांना गाडीनं वर नेलं. देवळासमोर बसून त्यांनी अख्खं कुळदैवत-आख्यान सांगितलं, येताना उसाचा रस प्याल्या आणि रात्री म्हणाल्या, "माझं माहेर दिसलं गं." माहेर दिसण्यासारखं नाही तिथनं, डोंगराआड आहे. पण त्यांना दिसलं ना!

चंदगडी_काजू
राजहंसगड चांगलाच आहे, पण पोरांना झाडीतनं चालल्याचं सुख द्यायचं असेल तर वैजनाथला या. आमच्या तालुक्यात आहे म्हणून सांगत नाही (म्हणूनच सांगतोय).

बेळगावहून वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, शिनोळी. तिथनं देवरवाडी आणि पुढं डोंगराच्या कुशीत वैजनाथाचं देऊळ. जुनं दगडी बांधकाम आहे, आत शिरलं की डिसेंबरातही पायाखाली गार फरशी लागते. देवळामागनं एक पायवाट झाडीतनं महिपाळगडावर चढते. तासाभराच्या आत वर. गडावर अख्खं गाव आहे, कोंबड्या, म्हशी, शाळा, सगळं तटाच्या आत. गडावर जाऊन एखाद्या अंगणात पाणी मागायचं आणि अंगणातल्या माणसानं तुम्हाला "कुठल्या गल्लीतले?" विचारायचं, ही मजा मोकळ्या किल्ल्यावर नाही.

पायवाटेवर एक गोष्ट सांभाळा. वाट मुरमाड आहे, चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र बारीक खडी चाकासारखी पायाखालनं पळते. बाबांना पायवाटेनं उतरवू नका. गडावर गाडीरस्ता जातो. एकानं गाडी वर आणायची, पोरांनी चालत यायचं, बाबा गाडीतनं. वर सगळे भेटतात.

नेटवर्कपंडित
शिनोळी लागली की मोबाईल "महाराष्ट्रात आपले स्वागत" म्हणतो. परत येताना कर्नाटक स्वागत करतं. एका सकाळीत दोन राज्यांचा पाहुणचार, तोही फुकट.

कॅम्पातला_पिंट्या
शिनोळीला आमची गँग स्वागतासाठी थांबते ती मोबाईलच्या नव्हे, बाटलीच्या. 😄

शहापूरची_सून
@कॅम्पातला_पिंट्या, धागा गुडघ्यांचा आहे, मनगटांचा नाही.

हुक्केरी_हुडुगा
नमस्कारा री. माझं मराठी थोडं कानडी वासाचं आहे, सांभाळून घ्या.

गोकाक नको म्हणालात ते बरोबर नाही. लोक धबधबा बघून, झुलत्या पुलावर फोटो काढून, करदंटू (गोकाकची मिठाई) घेऊन परत जातात. धबधब्याजवळच योगिकोळ्ळ आहे. दगडाच्या घळीतनं वाट जाते, शेवटी गुहेतलं देऊळ. उंची कमी, पण दोन्ही बाजूचे खडक बघून माझ्या पोरानं विचारलं, "अप्पा, हे कुणी कापलं?" मी म्हणालो, पाण्यानं. तो म्हणाला, खोटं.

आणखी एक. डिसेंबरात धबधब्याला पाणी असेलच असं नाही. घटप्रभा उन्हाळ्याकडे बारीक होते, १७० फुटांवरनं पडायला काही तरी पाहिजे ना. धबधब्यासाठी जुलै-ऑगस्ट, खडकासाठी आत्ता.

तिसरं_गेट
@हुक्केरी_हुडुगा, तुमचं मराठी आमच्या पुण्याच्या दाजींपेक्षा बरं आहे. योगिकोळ्ळ आम्ही तीस वर्षांत कधी बघितलंच नाही, लाज वाटली. पण येऊन-जाऊन दिवस जाईल, पुढच्या खेपेला.

@चंदगडी_काजू, गाडी वर आणायची आयडिया आवडली. अस्वल, गवे वगैरे?

चंदगडी_काजू
गवे आहेत, खोटं कशाला सांगू. पण गवा आपल्याला बघून आधीच बाजूला होतो, आपण त्याला बघून सेल्फी काढायला जातो तेव्हा भानगड होते. उजेड झाल्यावर निघा, कुत्रं सोबत नेऊ नका, पोरांना पुढं पळू देऊ नका. एवढंच.

कणबर्गीकर
पोरांना आणि आजोबांना एकत्र न्यायचं तर इतकं लांब कशाला? कणबर्गीचा सिद्धेश्वराचा डोंगर आहे की. मी रोज सकाळी जातोय. चढ किरकोळ, देवळात घंटा वाजवायची, मागच्या माळावर बसायचं, शहर उठताना बघायचं. साडेसहाला पोहोचलात तर आधी सगळं धुक्याखाली असतंय. मग एकेक पाण्याची टाकी वर येते, मग देवळांची शिखरं, मग गच्च्यांवरच्या सोलर. शहर पाण्यातनं बाहेर आल्यागत.

वडगावचा_सायकलवाला
कणबर्गीला वाघ-बिबट्या नाही ना? बेळगावकरांना आता विचारून घ्यावं लागतंय.

कॅम्पातला_पिंट्या
बिबट्याचं नाव काढलंस की झालं! २०२२ चा ऑगस्ट आठवतो का? गोल्फ मैदानात शिरला, आजूबाजूच्या शाळा बंद, शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू हत्ती कॅम्पातनं हत्ती आणले, ड्रोन फिरवले, पिंजरे लावले. महिनाभर अख्खं शहर एकच प्रश्न विचारत होतं, घावला काय? घावला नाही. आमच्या शेजारचं पोरगं अजून म्हणतंय, माझा आवडता प्राणी बिबट्या, त्यानं सुट्टी दिली.

कणबर्गीकर
नाही घावला म्हणजे गेला. माझ्या डोंगरावर फक्त मोर आणि योगासनवाले. योगासनवाले जास्त आवाज करतात.

काकतीचा_सदा
काकतीचं नाव कुणीच काढंना! कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं जन्मगाव, आणि गावाला लागूनच्या डोंगरावर पडका किल्ला. हायवेवरनं जाताना लाखो लोकांनी बघितला असेल, वर गेलेले हाताच्या बोटावर मोजण्याइतके. तट बराच ढासळलाय, पण टोकाला उभं राहिलं की एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला वंटमुरी घाटाकडं पळणारा हायवे दिसतो. ट्रक मुंग्यांच्या रांगेसारखे. पोरांना ट्रक मोजायला लावा, गप्प बसतात.

वाट मात्र नीट नाही, काटेरी झुडपं आहेत, आजोबांना नको.

फक्त_पायी
हा खरा डोंगर. शाबास सदा.

खानापूरचा_अण्णा
पोस्ट उशिरा बघितली. माझं मत हलशीला जावा. अंतर जास्त आहे मान्य, पण सकाळी सातला निघालात तर जेवायला घरी.

हलशी म्हणजे कदंबांची जुनी राजधानी. बनवासीनंतरची दुसरी. गावात भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, आत वराह आणि नरसिंह समोरासमोर. ते बघून पुढं रामतीर्थाच्या टेकडीवर जायचं. हलशीपासून दोन-तीन किलोमीटर. वर छोटी देवळं, एक तळं, आणि खाली काजूच्या, आंब्याच्या बागांमधनं हलशीची कौलं. आजोबा गाडीतनं उतरून दहा पावलं चालले तरी सगळं दिसतं.

जाताना वाटेत नंदगड लागतं. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली इथंच फाशी दिली, त्यांची समाधी आहे. तेरा वर्षाच्या पोराला हे माहीत हवं.

भीमगडकडं मात्र सहज म्हणून जाऊ नका. २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. दर पावसाळ्यात कुणीतरी धबधब्याच्या नादानं आत शिरतं आणि मग आमच्या गावची पोरं दोर घेऊन शोधायला जातात.

नेटवर्कपंडित
अण्णा, वज्रपोहा धबधबा पण सांगा की.

खानापूरचा_अण्णा
वज्रपोहा सांगणार नाही. ज्याला जायचंय त्यानं वनखात्याला विचारून जावं. मागं एकदा सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथं दोनशे माणसं आणि स्पीकर.

हिंदवाडीची_मीनल
अण्णांना शंभर टक्के अनुमोदन. आम्ही परवा एका डोंगरावर (नाव घेत नाही, परत तिथं गर्दी नको) गेलो तर देवळामागच्या ओट्यावर बाटल्या, चिप्सची पाकिटं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली हाडं. माझ्या मुलीनं विचारलं, "देव रागावत नाही का?" मी म्हणाले, देव मागच्या बाजूला बघत नसेल.

कॅम्पातला_पिंट्या
सगळं पोरांवरच येतं. आम्ही पार्टी केली तर बाटल्या पोत्यात घालून खाली आणतो. घाण करणारे फॅमिलीवालेपण असतात ताई. डायपर कोण टाकतं? आम्ही तर नाही.

हिंदवाडीची_मीनल
डायपरचं खरं आहे. मान्य. पण देवळाजवळ पार्टी नकोच.

कॅम्पातला_पिंट्या
बरं बाबा, नको.

शहापूरची_सून
आता कामाचं बोलूया. डिसेंबरात कुठंही जा, सुती मोजे घालू नका. पावसाळ्यानंतरचं गवत आता वाळलंय आणि त्याची कुसळं मोज्यात शिरतात. एकेक उपसून काढायला दुपार जाते. धुतली तरी निघत नाहीत, उलट आत शिरून बसतात. मागच्या वर्षी मी मोज्याची जोडी शेवटी चुलीत घातली. पायजम्याचे काठ जाड मोज्यात खोचा किंवा सरळ गुडघ्याखाली प्लास्टिकची पिशवी बांधा. फोटोत वाईट दिसतं, पण फोटो कंबरेच्या वर काढा.

आणि सकाळी दहिवर असतं, वाळलेल्या गवतावरनं चालताना बूट भिजतात. पोरांची एक चपलांची जोडी गाडीत ठेवा.

गल्लीतला_किल्लेदार
मी सांगू का, आमच्या गल्लीतल्या पोरांनी दिवाळीला राजहंसगड केला होता. माती, पोती, गेरू, आळीव पेरलेलं जंगल, सगळं. बक्षीस दुसऱ्या गल्लीला मिळालं (राजकारण!). पण त्यातल्या एकाही पोरानं खरा गड बघितला नव्हता. दिवाळी संपली आणि आम्ही त्यांना नेलं. एक पोरगं तटावर उभं राहून म्हणालं, "दादा, आपण बुरूज चुकीचा केलाय." तेव्हा बक्षीस का गेलं ते कळलं.

वडगावचा_सायकलवाला
कुठली गल्ली ते सांगू नका, नाहीतर धागा बंद करावा लागेल.

माजी_बेळगावकर_ठाणे
डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या पुढंच वर येतो, हे लक्षात ठेवा. आम्ही एकदा साडेपाचला राजहंसगडावर जाऊन सव्वा तास कुडकुडत बसलो होतो. आईनं डब्यात दिलेला गरम उपमा विटेसारखा झाला. तरी त्या उपम्याची चव ठाण्यात मिळत नाही.

चढताना खायला चिरमुरे-शेंगदाणे न्या. कुरकुरे नेलेत तर गडावरची माकडं तुमच्याआधी पाकीट फोडतील.

तिसरं_गेट
सगळ्यांचे आभार. बायकोनं सगळा धागा वाचून वैजनाथ-महिपाळगड ठरवला होता. काल रात्री बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी हलशी ऐकलं, काकती ऐकलं, बिबट्याला हसले आणि म्हणाले, "येळ्ळूरगड." का, तर १९६९ साली शाळेतली पाच जणं तीन सायकलींवर तिकडं गेली होती. तेव्हा वर जायला रस्ता नव्हता, सायकली खाली एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवल्या होत्या. त्यानंतर बाबा कधीच वर गेले नाहीत. नोकरीत बेळगाव-लोंढा-मिरज एवढंच आयुष्य गेलं (रेल्वेत होते).

म्हणून ठरलं, राजहंसगड. @फक्त_पायी, माफ करा.

फक्त_पायी
रेल्वेवाल्यांना माफ. बाकीच्यांनी चालत जावं.

तिसरं_गेट
जाऊन आलो. थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्यामुळंच गेलो.

ठरवल्याप्रमाणं मंगळवारी सकाळी. पोरं, दाजी आणि मी पायथ्यापासून चालत, बहीण बाबांना घेऊन गाडीनं. शेवटच्या चढावर दाजी तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा "व्यू बघतोय" म्हणाले. पोरं आमच्या आधी पोहोचली.

बाबा देवळाजवळ बसले नाहीत. काठी टेकत देसूरच्या बाजूच्या तटाकडं गेले आणि तिथल्या दगडावर बसले. मफलर काढून मांडीवर घेतला. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, बघत नाही, ऐकतोय. दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. पोरं कंटाळली. मग खालनं हॉर्न आला, लांबनं, आधी एक, मग दोन. खानापूरच्या बाजूनं गाडी येत होती. बाबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "उशिरा आहे."

मग सुरू झाले. पूर्वी ही मीटरगेज लाईन होती, कोळशाची इंजिनं होती, चढाला कशी धापा टाकायची ते तोंडानं करून दाखवलं. शाळेच्या त्या सहलीत याच तटावरनं त्यांनी पहिल्यांदा अख्खी गाडी एका नजरेत बघितली होती, इंजिनपासून गार्डच्या डब्यापर्यंत. "खालनं कधीच पूर्ण दिसत नाही," म्हणाले. नऊ वर्षाचा भाचा मांडीजवळ येऊन बसला. पुढची गाडी येईपर्यंत दोघंही हलले नाहीत. त्यानं डबे मोजले, बाबांनी बरोबर आहे म्हटलं. मी मोजले तर एक कमी येत होता, पण गप्प बसलो.

उतरताना बाबा थोडं चालतो म्हणाले. पहिलं वळण चालले, मग गुडघ्याकडं बघून गाडीत बसले. रात्री गुडघ्याला बर्फ लावला, सकाळी ठीक.

@शहापूरची_सून, कुसळं. सुती मोजेच घातले होते. बायको आता बोलत नाहीये.

शहापूरची_सून
चुलीत घाला.

हुक्केरी_हुडुगा
आजोबांना नमस्कार सांगा. पुढच्या वेळी योगिकोळ्ळ. मी गाडी घेऊन येतो.

चंदगडी_काजू
महिपाळगड मनावर घेतलं नाही, ठीक आहे. काजूला मोहोर येईल तेव्हा परत सांगतो. एप्रिलमध्ये बोंडू खायला या, शर्टावर डाग पडले तर माझी जबाबदारी नाही.

माजी_बेळगावकर_ठाणे
"खालनं कधीच पूर्ण दिसत नाही." मी लोकलनं रोज जातो. आज पुलावर थांबून बघितली.

तिसरं_गेट
एक विनंती. बाबांचा मफलर त्या तटावरच राहिला. घरी येऊन कळलं. जुना आहे, पण त्यांचा आहे. कुणी त्या बाजूला जाणार असेल तर बघाल काय? पुतळ्याच्या बाजूला नाही, देसूरकडच्या तटावर, जिथं एक मोठा दगड सपाट आहे.

फक्त_पायी
उद्या सकाळी जातोय. रंग सांगा.

तिसरं_गेट
तपकिरी, एका टोकाला चहाचा डाग. फार उपकार होतील. तुम्ही पायी जाणार?

फक्त_पायी
पायीच. वेळ लागंल, पण आणतो.